विनंती विशेष

पत्राच्या आरंभीं ‘वि. वि.’ हीं दोन अक्षरें लिहिण्याची चाल आतां जवळजवळ नाहींशी झाली आहे. माझ्या आजोबांच्या ट्रंकेंत जीं जुनीं पत्रें आहेत, त्यांतल्या एकाहि पत्रांत मात्र तीं गाळलेलीं नाहींत. साष्टांग नमस्कार झाला, क्षेमकुशल झालें, कीं लगेच ‘वि. वि.’ आणि मग मुद्दा : बैल विकला, मुलगी पाहिली, पाऊस नाहीं. लहानपणीं मला त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नव्हता. लिहिणारा माणूस त्या जागीं थांबून टांक झटकीत असावा आणि त्याचे ते दोन शिंतोडे असावेत, अशी माझी समजूत होती. पुढें बाबांनीं सांगितलें कीं, तें ‘विनंती विशेष’. म्हणजे इतका वेळ बोललों तें रीतीचें, आतां खरें मागणें ऐका.

मागणें मांडण्याचा व्यवसाय आमच्या घरांत दुसऱ्या पिढीला चालला आहे. माझे वडील अर्जनवीस. देवळीच्या तहसील कचेरीबाहेर, कडुनिंबाखालीं, एक लांकडी पेटी व एक टाइपरायटर एवढ्या भांडवलावर त्यांनीं तीस वर्षें काढलीं. फेरफाराचे अर्ज, वारसाचे अर्ज, विहिरीचे, पांदणरस्त्याचे, बोंडअळीनें गेलेल्या पिकाच्या भरपाईचे. साऱ्या तालुक्याचीं दुःखें त्या पेटीवर येत आणि अर्ध्या तासांत एका पानाचीं होत. आतां त्यांचे हात थरथरतात. टाइपरायटर अडगळींत गेला आहे. तरी जुनीं माणसें अजून सकाळीं आमच्या ओसरीवर येऊन बसतात, आणि बाबा अजून त्यांना पहिला प्रश्न तोच विचारतात, "विषय काय?"

मी त्याच घराच्या माडीवर बसून नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठीं संगणकाच्या आज्ञावल्या लिहितों. "शिकलेला पोरगा, दिवसभर घरींच कसा?" असें शेजारच्या काकू आईला अजून हळूच विचारतात. आईजवळ त्याचें उत्तर नाहीं, आणि माझ्याजवळ आहे तें काकूंना पटणारें नाहीं. पण खालीं ओसरीवर बाबा आणि वर माडीवर मी, असे आम्ही दोघे एकच धंदा करतों आहोंत, हें मला स्वतःलाहि फार उशिरां कळलें. तें ज्या रीतीनें कळलें ती फारशी अभिमानाची नाहीं. परंतु सांगण्यासारखी आहे.

आमच्या धंद्यांत एकाच ग्रंथावर अनेकजण एकाच वेळीं लिहीत असतात. ग्रंथाची मूळ प्रत एके ठिकाणीं राखलेली असते. प्रत्येकजण तिची नक्कल उतरून घेतो, आपल्या नकलेंत हवा तो फेरफार करतो, आणि मग मूळ प्रतीच्या राखणदारास कळवितो कीं, ‘माझ्या नकलेंतला एवढा फेरफार पाहा आणि पटला तर आपल्या प्रतींत ओढून घ्या.’ या कळविण्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. शब्दशः ओढून घेण्याची विनंती. राखणदार किंवा त्याचा कोणी सहकारी ती ओळीनें ओळ वाचतो, शंका विचारतो, दोष दाखवितो, आणि मगच ती मान्य होते. हें नांव मला फार दिवस नुसतें तांत्रिक वाटत होतें. त्यांत केवढा शहाणपणा आहे तें नंतर ध्यानांत आलें. आपलें लिहिणें दुसऱ्याच्या प्रतींत ढकलण्याचा हक्क आपल्याला नाहीं. ओढून घेणें किंवा न घेणें हें समोरच्याच्या हातीं; आपल्या हातीं काय तें विनंती करणें.

ही पद्धत कांहीं एका दिवसांत निघालेली नाहीं. एकानें लिहिलेली आज्ञावली इतरांनीं बसून तपासावी, ही गोष्ट अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनींतल्या मायकेल फेगन यांनीं १९७६ सालीं एका प्रबंधांत शिस्तवार मांडली. पुढें लिनक्सचे कर्ते लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं, जगभर विखुरलेल्या लेखकांचे फेरफार सांभाळतां यावेत म्हणून, ‘गिट’ नांवाचें साधन तयार केलें. आणि २००८ सालीं निघालेल्या ‘गिटहब’नें त्या विनंतीला एक ठराविक चौकट दिली. त्या चौकटींत वर एक ओळ विषयासाठीं असते, आणि खालीं एक मोठी कोरी जागा, आपलें म्हणणें मांडण्यासाठीं. ही कोरी जागा भरलीच पाहिजे अशी सक्ती बहुधा नसते. माझ्यासारख्या आळशी माणसाचा घात तेथेंच होतो.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. कापूस खरेदीच्या काट्यावर शेतकऱ्याला जी पावती मिळते ती छापणारी व चुकाऱ्याचा हिशेब ठेवणारी एक आज्ञावली आमच्या कंपनीनें केली होती, आणि आमच्या भागांतल्या कांहीं जिनिंगांत ती चालत असे. पावतीचा नमुना बदलावयाचा होता. तें काम माझ्याकडे आलें. तीन आठवडे मी त्यांत बुडून गेलों होतों. पावती बदलतांना शेजारची एक गचाळ मांडणी दिसली, ती नीट केली. कांहीं नांवें जुनाट वाटलीं, तीं बदललीं. एकदां काट्यावरचा कारकून म्हणाला होता कीं, शेतकऱ्याचें नांव शोधतांना कधीं कधीं तें सांपडत नाहीं. इतर ठिकाणाहून उतरवून घेतलेल्या नांवांत डोळ्यांना न दिसणारीं चिन्हें येतात हें त्याचें कारण मला ठाऊक होतें. तेव्हां तींहि काढून टाकण्याची एक ओळ लिहून ठेवली. घर झाडायला काढलें कीं माणूस माळ्यावर चढतो आणि कामाचें भांडेंहि मोडींत काढतो, त्यांतलाच हा प्रकार. शेवटीं ४३ फायली आणि सुमारें १९०० ओळी एवढा पसारा झाला. शुक्रवारीं संध्याकाळीं मीं ती विनंती धाडली. विषयाच्या जागीं लिहिलें, ‘पावतीची दुरुस्ती व इतर.’ खालची मोठी जागा कोरीच ठेवली. सगळें आंत लिहिलेलेंच आहे, मग पुन्हा काय लिहायचें, असा माझा हिशेब होता.

ती विनंती तपासण्याचें काम नागपूरच्या आमच्या एका सहकारी ताईंकडे होतें. बाई मोठ्या चोखंदळ. मला दहा वर्षांनीं वडील. पण कापसाचा हंगाम तोंडावर आला होता आणि सोमवारीं नवी पावती सुरू व्हावयाची होती. शनिवारीं दुपारीं त्यांचें उत्तर आलें, ‘एल. जी. टी. एम.’ हीं चार अक्षरें म्हणजे आमच्या धंद्यांतला ‘मोर्तब सूद’. ‘लुक्स गुड टू मी’ याचा तो संक्षेप. मला ठीक दिसतें, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या ओळी लिहायला मला तीन आठवडे लागले होते आणि त्या ठीक दिसायला एक दुपार पुरली, याचें मला त्या वेळीं आश्चर्य वाटलें नाहीं. उलट, आपलें काम इतकें निर्दोष झालें, म्हणून मी मनांतून फुगलों.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळीं एक वृद्ध शेतकरी ओसरीवर आले. त्यांचें नांव येथें सांगत नाहीं. आडनांव ‘वऱ्हाड’ या शब्दावरूनच पडलेलें होतें एवढें सांगितलें म्हणजे पुरे. वर्धा नदीच्या पलीकडचा मुलूख तो वऱ्हाड. नदी ओलांडून अलीकडे येऊन राहिलेल्या घराण्यांना असें आडनांव पडावें यांत नवल नाहीं. मी चहाचा कप घेऊन खालीं आलों होतों. ते बाबांना सांगत होते कीं, कापूस घालून तेरा दिवस झाले, बरोबरच्या साऱ्यांचे चुकारे झाले, यांचाच तेवढा अडला. कचेरींत विचारलें तर कारकून म्हणतो कीं, संगणकांत ‘पडताळणीसाठीं राखून ठेवला’ असें येतें; कशाची पडताळणी तें त्यालाहि ठाऊक नाहीं. वेचणीच्या बायांची मजुरी थकली होती. "बाया रोज दारात येऊन उभ्या राह्यतात, भाऊ," ते म्हणाले, "अन् हे लोक म्हणतात, तुमी तुमी नाही. तोच मी, तेच वावर, तोच कापूस. माह्या नावात काय खोट हाय?"

बाबांनीं चष्मा पुसला आणि पावती हातांत घेतली. ती माझी पावती होती, नव्या नमुन्याची. बाबा ती डोळ्यांजवळ नेऊन वाचूं लागले आणि नांवापाशीं थांबले. "हा रफार इथे कसा आला?" ते म्हणाले, "वऱ्हाड असं कोणी लिहितं का?"

पावतीवर ‘वर्हाड’ असें छापलेलें होतें.

कप माझ्या हातांत तसाच राहिला. ‘वऱ्हाड’ या शब्दांत ‘र’ला जें आडवें, अर्धवट रूप येतें तें मराठीचें खास लेणें. त्यावांचून आम्हां विदर्भांतल्या लोकांना पऱ्हाटी लावतां येत नाहीं आणि कऱ्हाडच्या लोकांना आपल्या गांवाचें नांव लिहितां येत नाहीं. संगणकांत हें अक्षर दोन रीतींनीं लिहितां येतें आणि दोन्ही रीतींनीं तें अगदीं एकसारखें दिसतें. एका रीतींत खालीं टिंब असलेला एक वेगळा ‘ऱ’ वापरतात. दुसऱ्या रीतींत नेहमींचाच ‘र’, त्याला हलन्त, आणि त्यापुढें एक जोडचिन्ह देतात. या चिन्हाला रुंदी नाहीं, रूप नाहीं, पण काम आहे. तें असलें तर ‘र’ आपलें आडवें रूप घेतो, आणि नसलें तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन चढतो. न दिसणारीं चिन्हें म्हणून मीं जीं झाडून टाकलीं होतीं, त्यांत हेंहि गेलें होतें. जुन्या खात्यांतलें नांव होतें तसें राहिलें, यंदा काट्यावर लिहिलेलें नांव माझ्या गाळणींतून निघालें, आणि यंत्रानें दोन्ही ताडून पाहून निर्णय दिला कीं, हीं दोन माणसें भिन्न आहेत. यंत्राचें कांहीं चुकलें नव्हतें. १९०० ओळींतली ती एक ओळ, ‘व इतर’ या दोन शब्दांखालीं झांकून मीं ताईंच्या पुढें ठेवली होती.

मीं त्या वेळीं तोंड उघडलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे. बाबा अर्ज लिहीत होते आणि मी उभा राहून पाहात होतों. लहानपणापासून मीं त्यांना शेंकडों अर्ज लिहितांना पाहिलें आहे. पण तें पाहणें म्हणजे वाहत्या नळाकडे पाहणें. त्या दिवशीं प्रथमच मीं त्यांचा हात पाहिला. वृद्धानें अर्धा तास सांगितलेल्या हकीकतींत नापिकी होती, जांवयाचें आजारपण होतें, कृषी केंद्राची उधारी होती, कारकुनाचा उर्मटपणा होता. बाबांनीं तें सारें मन लावून ऐकून घेतलें. आणि कागदावर लिहिलें तें एवढेंच : विषय, नांवांतील अक्षरभेदामुळें अडलेला चुकारा मिळण्याबाबत. कोणत्या तारखेस किती क्विंटल कापूस घातला. गेल्या वर्षींच्या पावतीवर नांव कसें आहे, यंदाच्या पावतीवर कसें आहे. दोन्ही पावत्यांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. सातबाऱ्यावरील नांव गेल्या वर्षींच्या पावतीप्रमाणेंच आहे, उतारा सोबत. तरी अक्षर दुरुस्त करून चुकारा द्यावा, ही विनंती. सारें मिळून अकरा ओळी.

"कारकुनाचं काहीच नाही लिहिलं?" वृद्धांनीं विचारलें.

"तो अर्ज वेगळा," बाबा म्हणाले. "पाहिजे तर उद्या लिहून देतो. एका कागदात दोन गोष्टी मागितल्या, तर साहेब सोपी असेल ती देतो अन् दुसरी तशीच राहते."

वृद्ध गेल्यावर मीं बाबांना सगळें सांगितलें. ते रागावले नाहींत. मीं म्हटलें, "अर्ज परत मागवूं या, मी आजच दुरुस्त करतों." ते म्हणाले, "दुरुस्त तर करच. पण अर्ज जाऊं दे. उद्या तूं नसशील, मी नसेन. असं कां झालं होतं, तें कुठे तरी लिहिलेलं पाहिजे." मग त्यांनीं विचारलें, "तूं तुझ्या साहेबाला काय लिहून पाठवलं होतंस?" मीं माडीवर नेऊन त्यांना ती विनंती दाखविली. ‘पावतीची दुरुस्ती व इतर’ हे शब्द त्यांनीं दोनदां वाचले. खालची कोरी चौकट पाहिली. "यांत विषय कोणता?" त्यांनीं विचारलें. तीस वर्षें जो प्रश्न त्यांनीं दुसऱ्यांच्या बापांना आणि लेकांना विचारला, तो त्या दिवशीं आपल्या मुलाला विचारला, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

दुरुस्तीची ओळ लिहायला मला दहा मिनिटें लागलीं. विनंती लिहायला दुपार गेली. पहिला खर्डा मीं बाबांना वाचून दाखविला. त्यांत चूक कशी झाली, मी किती घाईंत होतों, मला किती वाईट वाटतें, याचा एक लांब परिच्छेद होता. बाबांनीं बोट ठेवलें. "हें माफीपत्र आहे कीं अर्ज? माफी मागायची असेल तर त्या बाईंना फोन कर. इथे त्यांना काय करायचं आहे तें सांग." परिच्छेद गेला. मग त्यांनीं विचारलें, "हें बदलल्यानं दुसऱ्या कोणाचं कांहीं बिघडणार नाहीं, हें तुला कसं कळलं? तुला कळलं असेल तर त्यांनाहि कळूं दे." मला तें कळलेलें नव्हतें. मीं पुन्हा बसलों, खातीं चाळलीं, आणि तेव्हां दिसलें कीं, अशाच अक्षरभेदानें आणखी सोळा शेतकऱ्यांचे चुकारे राखून ठेवलेले आहेत. बाबांनीं तो प्रश्न विचारला नसता तर मी एका माणसाचें नांव सुधारून मोकळा झालों असतों.

अखेर जी विनंती गेली ती अशी होती. विषयाच्या ओळींत : ‘शेतकऱ्यांच्या नांवांतील जोडचिन्ह काढणें थांबविणें.’ आमच्या धंद्यांत ही पहिली ओळ पन्नास अक्षरांच्या आसपास ठेवावी असा संकेत आहे. तो मला पूर्वीं जाच वाटे, त्या दिवशीं सोय वाटली. खालीं कारण : कोणत्या फेरफारानें हें झालें, त्याचा परिणाम काय झाला, किती खातीं अडलीं. मग उपाय : कोणतीं चिन्हें काढावयाचीं आणि कोणतें ठेवावयाचें, आणि दोन रीतींनीं लिहिलेलें एकच नांव ताडून पाहतांना एकच कसें मानावयाचें. मग तपासणी : वऱ्हाडे, कऱ्हाडे, गोऱ्हे हीं आडनांवें दोन्ही रीतींनीं लिहून यंत्राकडून ताडून घेतलीं. मग जें केलें नाहीं तें : शोधतांना येणारी मूळ अडचण या बदलानें सुटत नाहीं, तिच्यासाठीं वेगळी विनंती करीन. शेवटीं एक शंका : जीं नांवें आधींच बिघडून खात्यांत गेलीं तीं यंत्रानें सुधारावीं कीं माणसानें पाहून, याबद्दल आपलें मत हवें. फेरफार होता नऊ ओळींचा. आणि त्या नऊ ओळींसाठीं तीस ओळींची विनंती.

ताईंनीं ती तासाभरांत वाचली आणि शंकेला उत्तर दिलें : माणसानेंच पाहावीं, यंत्रानें एकदां नांवें बदललीं, आतां पुरे. आणखी एक दोषहि दाखविला, जो मला दिसला नव्हता. मग फोन केला आणि म्हणाल्या, "मागची मी वाचली नव्हती रे. वरखालीं करून पाहिली, आणि सोमवार दिसत होता. चूक माझीहि आहे." त्यांची चूक होती काय? असेल. पण १९०० ओळींचा गठ्ठा, वर नांव नाहीं, आंत वाट नाहीं, आणि शनिवारची दुपार. अशा स्थितींत वाचणें शक्य होतें काय, हा प्रश्न त्यांनीं मला विचारावयास हवा होता. न वाचतां मान्य करण्याची पाळी मीं त्यांच्यावर आणली होती. न समजणारी विनंती नाकारली जाते तेव्हां फारसें नुकसान होत नाहीं. ती मान्य होते तेव्हां खरें नुकसान होतें.

या गोष्टीनंतर तपासणीकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली. पूर्वीं ती मला परीक्षा वाटे, आणि परीक्षक जितका झटपट पास करील तितका बरा. आतां मला दुसरीच गोष्ट आठवते. देवळीला रेल्वे येणार, येणार, असें ऐकत आमच्या पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्धा ते कळंब हा मार्ग सुरू झाला तेव्हां ती एकदांची आली. नवा लोहमार्ग उतारूंसाठीं खुला करण्यापूर्वीं रेल्वे सुरक्षा आयुक्तानें तो स्वतः पाहून मान्य करावा लागतो, असा कायदा आहे. आणि गंमत अशी कीं, हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखालीं नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे असतो. रूळ टाकणारानेंच रूळ मान्य करूं नयेत, यासाठीं ही योजना. रूळ टाकणारास यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं; कारण तपासणी त्याच्यासाठीं नसतेच. ती पुढें गाडींत झोंपी जाणाऱ्या माणसासाठीं असते. त्या वृद्धाला गिट ठाऊक नव्हतें, मी ठाऊक नव्हतों, ताई ठाऊक नव्हत्या. पण आम्हां दोघांच्या मधल्या त्या एका चौकटीवर त्यांच्या दारांतल्या बायांची मजुरी अवलंबून होती.

विनंती स्पष्ट लिहिली म्हणजे चूक होतच नाहीं, असें मी म्हणत नाहीं. जगाचा बराचसा गुप्त पत्रव्यवहार ज्या आज्ञावलीवर चालतो, त्या ओपनएसएसएलमध्यें २०१४ च्या एप्रिलांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा एक मोठा दोष उघडकीस आला. मागितली त्याहून अधिक माहिती यंत्र मुकाट्यानें देऊन टाकी, कारण मागणाऱ्यानें सांगितलेली लांबी खरी आहे कीं नाहीं हें तें पाहातच नसे. तो फेरफार २०११ च्या अखेरीस आंत आला होता, आणि तपासूनच आला होता. लिहिणाराच्या नजरेंतून जें सुटलें तें तपासणाराच्याहि नजरेंतून सुटलें, आणि दोन वर्षें जगाच्या नजरेंतून सुटलें. माणसाच्या डोळ्याची मर्यादा ती हीच. पण म्हणूनच त्या डोळ्यावर जास्त ओझें टाकूं नये, आणि त्यानें कोठें पाहावें तें आपण बोट ठेवून दाखवावें.

आतां मीहि इतरांच्या विनंत्या तपासतों. नव्या मुलांच्या विनंत्या येतात. ‘दुरुस्ती’, ‘बदल’, ‘शेवटची दुरुस्ती’, ‘खरोखर शेवटची दुरुस्ती’ अशीं त्यांचीं शीर्षकें असतात, आणि मला माझें ‘व इतर’ आठवतें. माझा अनुभव असा कीं, लहान विनंती मी वाचतों आणि मोठी विनंती मी उलटतों. वाचतांना मनांत प्रश्न येतात. उलटतांना फक्त वेळेकडे लक्ष जातें. म्हणून मी त्या मुलांना सांगतों कीं, पावती आणि घरझाडणी एका विनंतींत आणूं नका. दोन आणा, तीन आणा. त्यांना तें वेळखाऊ वाटतें. मलाहि वाटत होतें. त्यांच्याजवळ ओसरीवर बसणारे बाबा नाहींत, एवढाच त्यांचा माझा फरक.

चुकारे चौथ्या दिवशीं मोकळे झाले. मी त्या वृद्धांच्या घरीं गेलों आणि ती चूक माझी होती असें सांगितलें. ते वेचलेला कापूस गंजीला लावीत होते. माझें सारें बोलणें त्यांना कितपत समजलें कोण जाणे. "नाव बराबर झालं ना आता?" त्यांनीं विचारलें. मीं होय म्हटलें. "मंग झालं," ते म्हणाले, आणि मला बसायला बाज ओढली.

मागच्या दिवाळीला मीं गमतीनें एका विनंतीच्या आरंभीं ‘वि. वि.’ लिहून धाडलें. ताईंनीं विचारलें, हें काय? मीं त्यांना आजोबांच्या पत्रांची आणि शिंतोड्यांची हकीकत लिहिली, आणि त्याच ओघांत हेंहि लिहिलें कीं, जुन्या दफ्तरांत कागद पाहून झाला म्हणजे तपासणारा कारकून त्यावर ‘रुजू’ असा शेरा मारीत असे. त्या विनंतींत त्यांनीं दोन शंका विचारल्या. मीं उत्तरें दिलीं, एक ओळ बदलली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मान्यता आली. ‘एल. जी. टी. एम.’ नव्हतें. ‘सातवी ओळ आतां पटली. बाकी पाहिलें. रुजू.’ असें होतें. मीं तें खालीं नेऊन बाबांना वाचून दाखविलें. त्यांनीं ऐकलें, आणि ओसरीवर नुकत्याच येऊन बसलेल्या माणसाकडे वळून विचारलें, "हं, विषय काय?"